चार नंबरची बाटली

आमच्या वन्संचं अक्षर फार वाईट होतं. सशाच्या कानातली दोऱ्याएवढी शीर ज्या हाताला पहिल्या खेपेला सापडायची, त्याच हाताने लिहिलेला आकडा तीन आहे की आठ, हे खुद्द त्यांनाही सांगता येत नसे. म्हणून प्रयोगशाळेतल्या कुप्यांची लेबलं त्या घरी आणत आणि मी ती लिहीत असे. माझं अक्षर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीच्या धाकाने वळवलेलं. नखाएवढ्या चौकोनात चार ओळी बसवायच्या, त्याही अशा शाईने की फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं राहून पुसल्या जाऊ नयेत. जेवणाचं टेबल पुसून झालं की मी लेबलं घेऊन बसायची, वन्सं समोर बसून दिवसभरात काय घडलं ते सांगायच्या, आणि लेबलं संपली की त्यातलं काहीबाही मी माझ्या डायरीत उतरवायची. कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून नव्हे. सवयच तशी.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्याच घरात राहायच्या. एकोणिसाव्या वर्षी त्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागल्या. सहा महिन्यांत त्यांच्या हातून एकही नळी फुटली नाही, म्हणून त्यांना सशांच्या खोलीत पाठवलं आणि तिथे त्या अशा रुजल्या की पुढे थोरल्या डॉक्टरांनाही त्यांना विचारल्याशिवाय पान हलवता येईना. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "बावीस जणांचे कान रोज धरते. तेविसावा कशाला?" हे त्यांना ससूबाई म्हणत. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, सासूबाई व्हायला मी तयार आहे. पण मग आधी ह्याला उलट बोलणं बंद करायला लाव."

त्यांच्या काही पद्धती होत्या. सशांच्या खोलीत जायच्या दिवशी अंगाला सुवासिक साबण नाही. सुई टोचण्याआधी सशाचा कान दोन्ही तळव्यांत धरून तो ऊबदार होईपर्यंत थांबायचं, मग बाहेर कोणी कितीही घाई करो. "घाबरलेला ससा रक्त चोरतो," त्या म्हणत. "आणि आम्ही शोधतोय काय, तर घाबरण्याचंच हॉर्मोन. मग आपणच त्याला घाबरवून कसं चालेल?"

त्यांचं काम मी जसं समजले तसं सांगते. मेंदूच्या तळाशी एक लहानशी जागा असते. जीव घाबरला, काळजीने पोखरला की तिथून एक हॉर्मोन सुटतं आणि साऱ्या शरीराची धावपळ सुरू होते. ते कुठल्या पेशीत आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रतिपिंडं लागतात. अंगात परकं काही शिरलं की त्याला नेमकं ओळखून पकडणारे जे कण रक्तात तयार होतात, ती प्रतिपिंडं. हॉर्मोन सशाला टोचायचं, काही महिने थांबायचं, मग त्याचं थोडं रक्त काढून ते गोठलं की वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, जपून ठेवायचं. हे सीरम मेंदूच्या पातळ कापावर घातलं की जिथे ते हॉर्मोन असेल तिथे प्रतिपिंडं चिकटतात, आणि पुढची रसायनं घातल्यावर तेवढीच जागा तपकिरी होते.

"कुत्र्याला चोराचा वास द्यायचा आणि सोडायचं," वन्सं म्हणायच्या. "फक्त हा चोर इतका चिमुकला आहे की कुत्रा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून चोराच्या पाठीवर एक भलंमोठं गाठोडं बांधायचं आणि मग त्याला कुत्र्यासमोर उभा करायचा."

गाठोडं म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या ग्रंथीतून काढलेलं एक मोठं प्रथिन. हॉर्मोन त्याला जोडूनच सशाला टोचत. पुढे जे घडलं ते सगळं ह्या गाठोड्यापायी.

सीरम तयार झालं की त्याची परीक्षा असे. त्यात आधीच भरपूर हॉर्मोन मिसळून ठेवायचं, म्हणजे प्रतिपिंडांची तोंडं तिथेच भरतात. असं तोंड भरलेलं सीरम कापावर घातलं तर रंग यायला नको. नाही आला, तर प्रतिपिंडं त्याच हॉर्मोनची. सतरा नंबरचा ससा, राखाडी आणि एका कानाने वाकडा, ह्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाला. वन्सं त्याच्या सीरमने रंगवलेल्या काचा बघून घरी आल्या तेव्हा टेबलावर बोटाने चित्र काढून दाखवत होत्या : "मधोमध दोन पंख, वहिनी. अगदी फुलपाखरू! आणि दोन्ही कडांना एकेक ठिपका."

फुलपाखरू सर्वांना आधीपासून माहीत होतं. कडेचा ठिपका मात्र इतर कोणाच्या सीरमने दिसत नव्हता. सतरा नंबर चार वर्षं सीरम देऊन म्हातारा होऊन मेला. त्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये राहिल्या आणि त्यांच्यावर प्रयोगशाळेचं नाव झालं. थोरल्या डॉक्टरांनी त्या ठिपक्यावर भाषणं दिली. आणि एका मुलीने, वन्सं तिला चष्मेवाली म्हणत, चार वर्षं खपून त्यावर प्रबंध लिहिला : भ्यालेल्या जनावरांत हा ठिपका गडद होतो. ती वन्संना मावशी म्हणायची. आईविना वाढलेली मुलगी. डबा विसरली की वन्संच्या डब्यातला अर्धा भाग तिचा ठरलेला.

तिचा प्रबंध पुरा होत आला त्या वर्षी ठरलं की सतरा नंबरचं उरलेलं सीरम दोनशे कुप्यांत भरून बाहेरच्या तेवीस प्रयोगशाळांना पाठवायचं. शुक्रवारी सकाळी बर्फाच्या पेट्या न्यायला गाडी येणार होती. आणि सोमवारी संध्याकाळी मी आमच्या टेबलावर, कुप्यांसोबत जायच्या माहितीपत्रकाची स्वच्छ प्रत काढत होते.

"वन्सं," मी विचारलं, "'परीक्षा कशी केली' ह्याखाली तुमच्या वहीतलं तसंच उतरवू? 'हॉर्मोन, बाटली चार, मिसळलं. रंग पूर्ण गेला.' चारच आहे ना हा?"

"चारच. बाकीचे आकडे माझं ऐकत नाहीत, चार ऐकतो." त्या मटार सोलत होत्या. मग त्यांचे हात थांबले. "काय म्हणालीस? बाटली चार?"

"हो."

"दाखव."

त्यांनी वही उजेडात धरली, नाकाशी नेली, पुन्हा लांब धरली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. मी वाट बघत बसले. मटाराचा एक दाणा टेबलावरून घरंगळत खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"सुट्या हॉर्मोनच्या बाटल्यांना आम्ही अक्षरं द्यायचो," त्या म्हणाल्या. "अ, ब, क. आकडे द्यायचो ते जोडलेल्याला."

"जोडलेलं म्हणजे?"

"गाठोड्यासकट."

मला लगेच उमगलं नाही. त्यांनी मटाराची एक शेंग उचलून माझ्यासमोर ठेवली. "हे बघ. दाणा म्हणजे चोर, टरफल म्हणजे गाठोडं. सशाच्या रक्तात दोन प्रकारचे कुत्रे असू शकतात. चोर ओळखणारे आणि गाठोडं ओळखणारे. परीक्षेत नुसता चोर द्यायचा. मग चोर ओळखणारे गप्प बसतात, आणि गाठोडं ओळखणारे कोणी असले तर भुंकत राहतात. म्हणजे रंग राहतो, आणि आपल्याला कळतं. मी चोर दिला तो गाठोड्यासकट. सगळेच गप्प. गप्प बसणारच! मग मी लिहिलं, रंग पूर्ण गेला."

"पण तुम्ही असं कशाला कराल?"

"तेच तर आठवत नाही." त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, त्या वर्षीची तुझी डायरी काढ."

अकरा वर्षांपूर्वीची डायरी कपाटाच्या खालच्या खणात होती. वहीतली तारीख घेऊन मी पान काढलं आणि वाचलं : "बुधवार, १४. वन्सं उशिरा आल्या. सुट्या हॉर्मोनचं पार्सल अजून बंदरात अडकलं आहे. थोरले डॉक्टर म्हणाले, कपाटात जे आहे ते घाला, उद्या बैठक आहे, पार्सल आलं की पुन्हा करून घेऊ. वन्संनी तेच घातलं. सूप खारट झालं. ह्यांना खोकला."

"आणि पार्सल आल्यावर?"

मी पानं उलटत गेले. तीन आठवड्यांनी सापडलं : "पार्सल आलं. बैठकीत सतरा नंबर सर्वांना पसंत पडल्याचं कळलं. वन्संनी आल्या आल्या ह्यांच्याशी फुगडी घातली." त्यापुढे त्या परीक्षेचा उल्लेख कुठेही नव्हता. मी त्या वर्षाच्या शेवटच्या पानापर्यंत पाहिलं.

तेवढ्यात हे आत आले. टेबलावरची शांतता त्यांना सोसवत नसे. "काय ससूबाई, एवढा चेहरा पाडायला काय झालं? ससा मेला की काय?"

"सात वर्षं झाली मरून, दादा," वन्सं म्हणाल्या. "आता पुन्हा मरतोय बहुतेक."

हे हसायला गेले आणि माझ्याकडे बघून थांबले.

थोरल्या डॉक्टरांना उद्याच सांगून टाका, असं मी सुचवलं. वन्संनी मान हलवली. "सांगू काय? नुसती शंका? शंका ते फुंकर मारून उडवतील. आणि कदाचित सगळं ठीकही असेल. सतरा नंबरला गाठोड्याशी काही देणंघेणं नसेलही." त्या बोटांवर मोजू लागल्या. "उद्या मिसळून थंडीत ठेवायचं. परवा काप भिजवायचे. गुरुवारी रंग. तीन दिवस लागतात, तीनच आहेत."

मंगळवारी त्या रोजच्यापेक्षा एक तास आधी निघाल्या. संध्याकाळी परत आल्यावर चहात मीठ घालून तो अर्धा प्याल्या, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. ह्यांनी खूण केली म्हणून मी दुसरा कप पुढे सरकवला.

"तीन नळ्या लावल्यात," त्या म्हणाल्या. "एकीत सीरम नुसतं. एकीत गाठोड्यासकट हॉर्मोन. एकीत सुटं."

"कोणी विचारलं नाही?"

"विचारलं. म्हटलं, पेट्या जायच्या आधी शेवटची तपासणी. खोटं नाही बोलले."

बुधवारचा दिवस सर्वांत वाईट गेला. कापांच्या ताटल्या भरून होतात तोच चष्मेवाली सशांच्या खोलीत धावत आली. प्रबंध द्यायची तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्याची अठ्ठावीस. "मावशी, सुटले एकदाची!" म्हणत तिने हात पुढे केले.

"मी हातमोजे काढलेच नाहीत," वन्संनी मला सांगितलं. "म्हटलं, हात ओले आहेत ग. ती म्हणाली, मग डोक्यावरून तरी फिरवा. मी ताटलीकडे बघत राहिले. त्या ताटलीत तिच्याच प्रबंधाचा चौथा भाग तरंगत होता, वहिनी. ती माझ्या शेजारी उभी, आणि तिला माहीत नाही."

त्या जेवल्या नाहीत. पान घेऊन बसल्या आणि काट्याने भातात रेघा काढत राहिल्या. हे म्हणाले, "अग, भीतीचं हॉर्मोन शोधायला सशाची काय गरज? आज आपल्या घरात बादलीभर निघेल." कोणी हसलं नाही. ह्यांनाही ते बोलून झाल्यावर हसू आलं नाही. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "समजा नाही सांगितलंस, तर कोणाला कळेल?"

"मला."

"आणि?"

"आणि दादा, तेवीस ठिकाणची माणसं ह्या ठिपक्यामागे धावतील. प्रत्येक ठिकाणी एकेक चष्मेवाली असेल."

उठताना त्या मला म्हणाल्या, "उद्या तू चल माझ्याबरोबर. माझ्या डोळ्यावर विश्वास नाही. त्याहून माझ्या मनावर नाही. मला जे हवं तेच मला दिसेल. कुठली काच कुठली हे तुला माहीत नसेल. तू बघ आणि लिही. लिहायचं तर तुला येतंच. आणि ती डायरीही असू दे बरोबर. तारीख कोणी विचारली तर."

गुरुवारी मी पहिल्यांदा त्या लांब पांढऱ्या बोळातून चालले. एका दारातून गवताचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास येत होता. वन्संनी दार ढकललं तसे पिंजऱ्यांतले सगळे कान एकदम उभे राहिले आणि त्यांना बघून पुन्हा पडले. पुढच्या खोलीत त्यांनी मला एका सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. समोर सहा काचा होत्या, प्रत्येकीच्या लेबलावर कागदाची पट्टी डकवलेली आणि पट्टीवर एक ते सहा आकडे. अर्थात तिसरा की पाचवा ह्याची मला खात्री नव्हती.

"वन्सं, हा कुठला?"

"पाच. हसू नकोस."

मी हसत नव्हते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बाहेर जा. मागे उभ्या राहिलात तर मला तुमचा श्वास ऐकू येईल, आणि त्यावरूनच मला कळेल. त्या बाहेर गेल्या. दाराच्या अर्धपारदर्शक काचेतून त्यांची सावली इकडून तिकडे, तिकडून इकडे जाताना दिसत होती.

पहिली काच. वन्संनी टेबलावर बोटाने काढलेलं फुलपाखरू अकरा वर्षांनी मी डोळ्यांनी पाहिलं. तपकिरी, बारीक बारीक ठिपक्यांचे दोन पंख. आणि कडेला तो ठिपका, चहाच्या कपाने उमटलेल्या डागासारखा. मी लिहिलं : "१. फुलपाखरू आहे. ठिपका आहे." दुसरी काच कोरी होती, फिकट करडी. "२. काही नाही." तिसऱ्या काचेत मधे काही नव्हतं. मला बरं वाटलं. मी काच कडेला सरकवली. तिथे तो डाग जसाच्या तसा होता.

मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. काच काढून परत बसवली. मग लिहिलं : "३. फुलपाखरू नाही. ठिपका आहे." माझं अक्षर त्या ओळीत वाकडं आलं आहे. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

चौथी तिसऱ्यासारखी निघाली. पाचवी दुसऱ्यासारखी, सहावी पहिल्यासारखी.

वन्सं आत आल्या. कागदाकडे न बघता आधी एकेक पट्टी सोलत गेल्या. एक आणि सहा, नुसतं सीरम. दोन आणि पाच, गाठोड्यासकट. मग तीन आणि चार. "सुटं हॉर्मोन," त्या म्हणाल्या. "आता वाच."

मी वाचलं. त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट धरून ठेवले होते, जसा त्या सशाचा कान धरत.

"फुलपाखरू खरं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "ठिपका खोटा. मेंदूच्या कडेला गाठोड्यासारखं दिसणारं काहीतरी आहे, आणि अकरा वर्षं आम्ही त्यालाच चोर म्हणतोय."

थोरले डॉक्टर आपल्या खोलीत पेट्यांचे कागद तपासत होते. उंच, देखणे, मृदू बोलणारे गृहस्थ. मी सोबत आहे हे पाहून त्यांनी उठून खुर्ची दिली. वन्सं उभ्याच राहिल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पाच वाक्यांत. काचा त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

त्यांनी काचांना हात लावला नाही. "बाई, उद्या सकाळी गाडी येते आहे."

"माहीत आहे. म्हणूनच आज आले."

"अकरा वर्षांत कुणाची तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार? ज्याने त्याने आपल्या प्रयोगशाळेच्या कागदावर विश्वास ठेवला."

ते थोडं हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. पत्रकात एक ओळ घालू : ज्याने त्याने आपली तपासणी करून घ्यावी. तेवढं पुरे."

"मूठ झाकलेली आहे, डॉक्टर. पण आत काय आहे ते आता मला माहीत आहे."

त्यांनी टेबलावरची घंटी दाबून चष्मेवालीला बोलावलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, ती समोर असली की वन्सं विरघळतील असा त्यांचा हिशोब असावा. ती हसत आली, काचा पाहिल्या, वन्संचा चेहरा पाहिला. वन्संनी तिला सांगितलं. ती काचा घेऊन खिडकीशेजारच्या सूक्ष्मदर्शकाशी गेली. सहाही काचा पाहिल्या. तिसरी दोनदा.

"माझा चौथा भाग," ती पाठमोरी म्हणाली. "आणि पाचवा."

"तिसरा उभा राहतो ग," वन्सं म्हणाल्या. "फुलपाखराचा."

"तो तर सगळ्यांना आधीच माहीत होता!" ती वळली. "मावशी, पुढच्या महिन्यात नसतं का आठवलं तुम्हाला? अकरा वर्षं नाही आठवलं, आणखी एक महिना नसतं आठवलं तर काय बिघडलं असतं?"

 

थोरल्या डॉक्टरांनी संधी साधली. "आणि मुळात ही चूक झाली कशी, बाई? तुमच्यासारख्या माणसाकडून? कोणी सांगितलं होतं ती बाटली घ्यायला?"

डायरी माझ्या पिशवीत होती. माझा हात पिशवीत गेला, पुठ्ठ्याला लागलाही. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. घरात मी काही बोलायला निघाले आणि त्यांना ते नको असलं की त्या अशाच बघत. मी हात बाहेर काढला.

"बाटली मी घेतली," वन्सं म्हणाल्या. "पार्सल आल्यावर परीक्षा पुन्हा करायची होती, तीही मी केली नाही. वहीत सही माझी आहे. पत्रं जातील त्यांवरही माझंच नाव घाला."

'पार्सल' हा शब्द ऐकून डॉक्टरांनी मान वर केली. पार्सलाबद्दल तोवर कोणीच काही बोललं नव्हतं. त्यांना आठवलं. मी त्यांच्या समोरच बसले होते, मी ते आठवताना पाहिलं. कानापर्यंत चढत गेलेला रंग उतरायला वेळ लागला. त्यांनी टेबलावरचा पेट्यांचा कागद उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. मग फोन उचलून म्हणाले, "उद्याची गाडी रद्द करा. नाही, पुढची तारीख नाही. कळवू."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "पत्रांवर दोन नावं जातील, बाई. माझं आधी."

चष्मेवाली तोवर निघून गेली होती.

तेवीस पत्रं मी लिहिली. त्याआधी ज्यांनी ज्यांनी सतरा नंबरचं सीरम नेलं होतं त्यांना वेगळी, ती नऊ. उत्तरं आली ती फार गोड नव्हती. एकाने लिहिलं, तुमच्यामुळे आमची दोन वर्षं वाया गेली. वन्संनी ते पत्र सशांच्या खोलीत, हात धुवायच्या जागी भिंतीवर लावलं आणि निवृत्त होईपर्यंत काढलं नाही. चष्मेवालीने प्रबंध मागे घेतला. ती बोळात दिसली तर वन्सं थांबत, ती थांबत नसे. डबा वन्सं पूर्वीइतकाच मोठा नेत, आणि अर्धा परत आणत.

सीरम फेकून द्यावं असं काहींचं म्हणणं पडलं. वन्संनी नाही म्हटलं. काचेच्या उभ्या नळीत त्यांनी बारीक मणी भरले आणि मण्यांना ते गाठोड्याचं प्रथिन चिकटवलं. सीरम वरून थेंब थेंब सोडायचं. गाठोडं ओळखणारी प्रतिपिंडं मण्यांना धरून बसतील, चोर ओळखणारी खाली उतरतील. ऐकायला सोपं. पहिल्या खेपेला सगळंच अडकलं, दुसऱ्या खेपेला सगळंच उतरलं. डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलून त्या महिनोन्‌महिने त्या नळीपाशी बसल्या. सतरा नंबर परत येणार नव्हता. सांडलेला थेंब सांडला तो कायमचा.

सातव्या महिन्यात एका सकाळी मी त्यांना घ्यायला गेले होते. शस्त्रक्रियेची तारीख अखेर त्या दिवशी होती. तरी आधी काचा बघायच्या म्हणून त्या अडून बसल्या होत्या. सहा काचा, सहा पट्ट्या, तशाच. मी खुर्ची ओढली, इतक्यात दारातून आवाज आला, "मी बघते."

चष्मेवाली होती. बारीक झाली होती. वन्सं उठून बाहेर गेल्या आणि मीही गेले. दाराच्या काचेतून ह्या वेळी सावली दिसत होती ती तिची, न हलणारी. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांचा हात दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.

तिने दार उघडलं आणि कागद वन्संच्या हातात दिला. वन्संनी तो जवळ नेला, लांब धरला. दुसऱ्याही डोळ्यात तोवर मोतीबिंदू उतरला होता.

"वहिनी, वाच."

मी आधी मनात वाचलं आणि मग मोठ्याने. "एक, फुलपाखरू आहे, ठिपका नाही. दोन, काही नाही. तीन, काही नाही. चार, फुलपाखरू आहे, ठिपका नाही. पाच, काही नाही. सहा, काही नाही."

"एक आणि चार नुसतं सीरम, बाकी सगळ्यांत हॉर्मोन," वन्सं पुटपुटल्या. पट्ट्या सोलायची त्यांना गरज पडली नाही. ह्या वेळी त्यांना पाठ होतं. मग त्या चष्मेवालीकडे वळल्या, पण बोलल्या माझ्याशीच. "वाटेत बरंच गेलं. दोनशे कुप्या नाही भरायच्या आता."

"ऐंशी," चष्मेवाली म्हणाली. "उरलेलं सीरम मी मोजलं." जरा थांबून ती म्हणाली, "मावशी, लेबलावर एक ओळ वाढवा. सुट्या हॉर्मोनवर तपासलेलं. आणि तारीख."

"बसेल का ग एवढ्याशा चौकोनात?" वन्संनी मला विचारलं.

"बसवते," मी म्हटलं.

दवाखान्याची वेळ झाली होती. चष्मेवालीने वन्संचा दुसरा हात धरला. बोळाच्या टोकाशी तीन पायऱ्या होत्या. पहिलीशी ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, पाय जपून. आणि डबा कुठे ठेवलाय? मी आज आणलेला नाही."